पडद्यामागचं दार

मालांग, ३ फेब्रुवारी १९१३

यू सारिन्तेन,

धाकट्या भावाचा सलाम घे. आम्ही बरे आहोत. कासियाहला पाचवा महिना लागलाय. सकाळी तिला टेम्पे तळल्याचा वास सहन होत नाही, एवढीच तक्रार.

मला काम मिळालं. चौकाच्या पलीकडे 'चांद बायस्कोप' नावाचं नवं घर उभं राहिलंय. त्यातली बाकं मीच केली. काम संपल्यावर मालक तुआन हाकमान यांनी मला तिसऱ्या वर्गाच्या दारावर ठेवून घेतलं. बाकं मोडली तर दुरुस्ती आणि खेळाच्या वेळी राखण, अशी दुहेरी नोकरी.

तू बायस्कोप पाहिला नाहीस, म्हणून सांगतो. मधोमध मोठा पांढरा पडदा असतो. पुढे खुर्च्यांवर गोरे आणि बडे अधिकारी, त्यांच्यामागे चिनी दुकानदार आणि कचेरीतले कारकून. आपण सगळे पडद्याच्या मागे. चित्र इकडूनही दिसावं म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी मी पडदा पाण्याने भिजवतो. पण दिसतं ते उलटं. अक्षरं उलटी, सलाम डाव्या हाताने, आणि जेवणसुद्धा डाव्या हाताने. पहिल्या दिवशी पडद्यावर एक गोरी बाई डाव्या हाताने पाव खाताना दिसली आणि आपल्याकडच्या बायका तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की पुढून कुणीतरी दटावलं.

तुझी लेक सुकेसी दर रविवारी दुपारच्या खेळाला येते. रेल्वेच्या ज्या इंजिनिअरकडे ती मुलं सांभाळते, त्यांच्या धाकट्या मुलीला घेऊन ती पुढे गोऱ्यांच्यात, खुर्चीच्या पायाशी बसते. म्हणजे आपल्या सबंध घराण्यात चित्र सुलटं बघणारी ती एकटीच.

एक गोष्ट मात्र मनाला खटकते. आमच्या बाजूला दार एकच आहे आणि त्याची कडी बाहेरून आहे. तिकीट नसलेले आत घुसू नयेत म्हणून खेळ सुरू झाला की ती लावायची. मी बाहेर स्टूल टाकून बसतो, त्यामुळे तसं भय नाही. पण छप्पर झावळ्यांचं आहे, आणि चित्र फेकणारं यंत्र फार तापतं.

सादीमान


लावेयान, सोलो, २१ फेब्रुवारी १९१३

दिक सादीमान,

मी सांगतेय आणि मशिदीजवळचे पाक कर्सो लिहितायत. अख्ख्या गल्लीची पत्रं तेच लिहितात आणि तेच वाचून दाखवतात, तेव्हा जपून लिहीत जा.

नोकरी लागली हे ऐकून मी शेजारी केळी वाटली. आणि पत्राच्या शेवटाशी आले तर तुझी कडी. साखर कारखान्यात तू बॉयलरबद्दल बोललास आणि घरी बसलास. गाडीवाल्याकडे चाकाच्या आसाबद्दल बोललास आणि पुन्हा घरी बसलास. दोन्ही वेळा तुझं खरं होतं, मी नाही म्हणत नाही. पण कासियाहने काय शिजवायचं? तुझं खरं? आता तिच्या पोटात मूल आहे. घर त्यांचं, दार त्यांचं, कडी त्यांची. तू बाकं बघ.

सुकेसीसाठी एक स्थळ आलंय. मुलगा बाटिक कापड छापायचे तांब्याचे ठसे घडवतो, हात स्वच्छ आहे, आई तापट पण मनाने चांगली. सणानंतर बोलणी पक्की करू. तिला इतक्यात सांगू नकोस. गोऱ्यांच्या घरात राहून तिचं नाक वर झालंय, मी सांगेन तेव्हा समोर बसवून सांगेन.

माझा खोकला तसाच आहे. बाटिकच्या कारखान्यात मेणाच्या धुरात बसणाऱ्या कुठल्या बाईला नसतो?

सारिन्तेन


मालांग, १६ मार्च १९१३

यू,

तुझं पत्र पोचलं. कडीबद्दल आता लिहीत नाही.

बायस्कोपला गर्दी वाढलीय. एकशे वीस माणसांची बाकं मी केली होती, रविवारी दीडशेच्या वर बसतात. उरलेले जमिनीवर. शेंगदाणे विकणारी म्बोक जुम आत टोपली घेऊन फिरते आणि चित्रातली माणसं काय बोलत असतील ते स्वतःच्या मनाने मोठ्यांदा सांगते. काही लोक तिलाच ऐकायला येतात. परवा चित्रातला एक सरदार मरताना बराच वेळ तडफडत होता, तर ही म्हणाली, "अरे मर लवकर, माझे शेंगदाणे गार होतायत." चौकातल्या नाटकमंडळीचे दोन नटही हल्ली येऊन बसतात. त्यांच्या तंबूत माणूस फिरकत नाही, मग काय करतील?

माझं काम थोडं बदललं. दोन पोरं कडी काढून आत शिरली, म्हणून तुआन हाकमाननी कोयंड्याला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या खिशात. खेळ सुरू झाला की मी पुढच्या अंगणात जायचं, साहेब लोकांच्या घोडागाड्या रांगेत लावायच्या. दोन पोशाख दिलेत. कासियाहला ते आवडले.

सुकेसीही आता आमच्याच बाजूला बसते. मुलं सांभाळणाऱ्या आयांच्या डोक्याच्या तेलाचा वास येतो, अशी कुण्या मडमेने तक्रार केली. तेव्हापासून मुली आईबापांजवळ पुढे आणि आया पडद्यामागे. सुकेसी तेवढ्यापुरती फणफणली, पण आता मैत्रिणींबरोबर असते. मलाही ती येताजाता दिसते.

एक सहज विचारतो. चार वर्षांपूर्वी तुमच्या कारखान्यात मेण पेटलं होतं ना? तेव्हा बायका कुठल्या बाजूला धावल्या? दारापाशी पोचायला किती वेळ लागला? सहजच आठवलं.

सादीमान


लावेयान, २ एप्रिल १९१३

दिक,

सहज म्हणे. लहानपणी विहिरीत घागर पडली की तू असाच सहज विचारायचास, विहिरीत पाणी किती असतं म्हणून.

तेव्हा मी तुला कळवलं होतं की थोडं कापड जळालं. ते खोटं होतं. आम्ही बावीस बायका होतो. मागचं दार माझ्यापासून चार पावलांवर होतं आणि उघडं होतं. तरी सगळ्या पुढच्या दाराकडे धावलो, कारण रोज तिथूनच आत येतो. मीसुद्धा. माणसाला त्या वेळी दार दिसत नाही, सवय दिसते. माझ्या शेजारी बसणारी रामी दारात पडली आणि आम्ही तिच्यावरून गेलो. माझा पायही तिच्या अंगावर पडला असेल. मला माहीत नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही. किती वेळ लागला ते मी तुला सांगू शकत नाही. पाक कर्सो लिहिता लिहिता थांबलेत.

तर आता ऐक. सुकेसीला त्या जागी पाऊल टाकू देऊ नकोस. मामा आहेस, धाक दाखव. आजारी पाड, मालकिणीला सांग, काहीही कर. बाकीच्यांचं तू बघू नकोस, त्यांना त्यांचे भाऊ आणि मामा आहेत. हे बोलणं कठोर आहे हे मला कळतं. पण तुझी नोकरी जाऊ नये आणि माझी मुलगी तिथे जाऊ नये, ह्या दोन्ही गोष्टी मला हव्या आहेत, आणि त्या दोन्ही तुझ्या हातात आहेत.

सारिन्तेन


मालांग, २० एप्रिल १९१३

यू,

पाक कर्सो, हे वाचण्याआधी दार लावून घ्या आणि आवाज खाली ठेवा. तुमच्या इमानावर विसंबून लिहितोय.

सुकेसीला मी एक रविवार थांबवलं. कारण विचारलं तर मला धड सांगता येईना. शेवटी दाराचं सांगितलं. ती म्हणाली, "लिक, मी नाही गेले तरी माझ्या मैत्रिणी मिनाह आणि सारी येतील, म्बोक जुम तर रोजच असते. त्यांना काय सांगणार आहात?" मी म्हटलं, त्यांना त्यांचे मामा आहेत. तुझेच शब्द, यू. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली. पुढच्या रविवारी ती पुन्हा जाऊन बसली.

मग मी तुआन हाकमानकडे गेलो. हो, गेलो. टोपी हातात धरून, शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. ते रागावले नाहीत. हसले आणि म्हणाले, कुलूप काढलं तर अर्धं गाव फुकट आत येईल. तू चांगला सुतार आहेस, सुतारच राहा. दोनच दिवसांनी यंत्राच्या खोलीत फिल्मचा एक तुकडा पेटला. यंत्रवाल्याने तो बुटाखाली चिरडला, त्याचा तळवा भाजला. खेळ चालूच होता, कुणाला कळलंही नाही. मला कळलं, कारण त्याच्या खोलीच्या दाराची बिजागरी बसवायला मलाच बोलावलं होतं.

त्या रात्रीपासून मला झोप नाही. कासियाह विचारते, मी उकाडा म्हणतो.

मंगळवारी मी काय केलं ते आता लिहितो. कोयंड्याचे चारही स्क्रू काढले. बोटभर लांबीचे होते, मीच निवडून बसवले होते. त्यांच्या जागी तसेच दिसणारे, पण नखाएवढे आखूड बसवले. कोयंडा जागच्या जागी आहे, कुलूप लागतं, तुआन येऊन ओढून बघतात आणि समाधानाने जातात. पण दार बाहेर उघडतं. आतून पाच-सहा माणसांनी अंग टाकलं तर सुटायला हवं. हवं म्हणतो, कारण करून बघता येत नाही. एकट्याने खांदा लावून बघावा म्हटलं तर चौकीदाराची फेरी असते. आणि लाकूड जुन्या सागाचं आहे, यू. चिवट आहे. आखूड स्क्रूसुद्धा घट्ट धरून ठेवेल की काय, हाच विचार दिवसभर डोक्यात असतो.

पंचवीस वर्षं मी वस्तू पक्क्या कशा बसतील ते शिकलो. कच्चं मंगळवारी पहिल्यांदा बसवलं.

हे पत्र जाळ.

सादीमान


लावेयान, १४ मे १९१३

दिक,

बालापान स्टेशनवर मालांगहून आलेले लोक सांगतायत की तिकडे एक बायस्कोप जळाला. कुठला ते कुणी सांगत नाही. एक म्हणतो कुणी मेलं नाही, दुसरा म्हणतो साठ गेले. मी दोन दिवस स्टेशनवर बसून आहे. एक ओळ पाठव. तुला लिहिता येत नसेल तर कासियाहला सांग, कुणालाही सांग. सुकेसीचं नाव लिही आणि पुढे फक्त 'आहे' एवढं लिही.

सारिन्तेन

ता. क.: कृपया विलंब करू नये. त्या जेवत नाहीत. — कर्सो


मालांग, १५ मे १९१३

यू,

सुकेसी आहे. ठणठणीत आहे. हे पत्र तिच्याच हाती देतोय, म्हणजे ती समोर उभी राहील तेव्हाच तू हे ऐकशील. मधले दिवस मला सवड झाली नाही, त्याची माफी मागतो.

रविवारी, अकरा तारखेला, दुपारच्या खेळाला आग लागली. मी पुढच्या अंगणात एका घोड्याचा लगाम धरून होतो. आधी खुर्च्यांकडची दोन्ही मोठी दारं उघडली आणि साहेब लोक बाहेर आले, काही तर धावतही नव्हते. मग छपरावर धूर दिसला. मी मागे धावलो. वळसा मोठा आहे, कुंपणाला लागून. धावताना आतून आवाज येत होता. तो कसा होता ते विचारू नकोस.

मी कोपऱ्यावर पोचलो तेव्हा दार थरथरत होतं आणि कुलूप जागच्या जागी होतं. मी कोयंड्याला दोन्ही हातांनी धरलं. तो निघेना, यू. मी बसवलेला, मी कच्चा केलेला, आणि तो निघेना. मग आतून एक धक्का आला आणि सगळंच्या सगळं माझ्या हातात आलं. दाराचा फटका बसून मी मागे पडलो. माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी गेली. सुकेसी बरीच मागून आली, दोन पोरींना हाताला धरून. ती सांगते की आत कुणी पुढे जाईना, सगळे दाराला नुसते चिकटले होते; तेव्हा तीच ओरडली, "सगळे मिळून, एकदम, खांदा लावा." दार सुटेल हे आतल्या गर्दीत तिला एकटीलाच माहीत होतं. मी तिला सांगितलं होतं. सांगायचं नव्हतं, पण तिने मान खाली घालायला लावली त्या दिवसानंतर मला गप्प राहवलं नाही.

दीडशेच्या वर माणसं बाहेर आली. म्बोक जुम आली नाही. ती एकदा बाहेर आली होती असं दोघं सांगतात, पण टोपलीसाठी पुन्हा आत गेली. मी आत शिरलो तोवर छप्पर खाली आलं. माझ्या भुवया जळाल्या, बाकी काही नाही.

आता दुसरी भीती. पोलिसांना कोयंडा सापडला, स्क्रूंसकट. तुआन हाकमान म्हणतात, दार सुताराने मुद्दाम ढिलं केलं, चोरट्यांना फुकट आत घ्यायला. आणि ज्याने दार ढिलं केलं त्यानेच आग लावली नसेल कशावरून? शनिवारी मला तालुक्याच्या वेदोनोसाहेबांच्या कचेरीत बोलावलंय. कासियाहला मी सांगितलं की साक्ष द्यायची आहे. तिला आठवा लागलाय.

सुकेसीला तुझ्याजवळ ठेव. त्या ठसेवाल्या मुलाचं तिला मी सांगून टाकलं. ती म्हणाली, आधी बघेन.

सादीमान


लावेयान, १६ मे १९१३

दिक सादीमान,

मुलगी पोचली. मी तिला मारलं आणि मग कवटाळून सोडलं नाही.

तिने सगळं सांगितलं. सांगताना ती इथे माझ्या कारखान्यात उभी होती आणि बायकांनी काम थांबवलं होतं. मेण निवून घट्ट झालं तरी मालकीणही ऐकत उभी राहिली.

दिक, मी तुला फेब्रुवारीत लिहिलं, तोंड उघडू नकोस. नंतर लिहिलं, बाकीच्यांचं बघू नकोस. दोन्ही वेळा मी मोठी बहीण म्हणून बोलले आणि दोन्ही वेळा चुकले. ह्या वेळी बोल. वेदोनोसाहेबांसमोर मान वर करून सांग की हे मी केलं आणि ह्यासाठी केलं. दीडशे माणसं साक्षीला उभी राहतील. तुरुंगात टाकलं तर कासियाहला आणि मुलाला मी इकडे आणीन. तुझं खरं आहे, आणि आता मला ते शिजवता येईल.

हे पत्र लवकर पोचावं म्हणून पाक कर्सो स्वतः स्टेशनवर निघालेत.

सारिन्तेन


मालांग, २७ जुलै १९१३

यू,

तुझं पत्र माझ्या हाती पडलं तेव्हा शनिवार होऊन गेला होता. म्हणून इतके दिवस उत्तर लिहायचं धाडस झालं नाही. आज लिहितो.

वेदोनोसाहेबांनी आधी सगळ्यांना बाहेर काढलं. टेबलावर कोयंडा होता. त्यांनी एक स्क्रू उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "सादीमान, माझी धाकटी भावजय त्या दिवशी पडद्यामागे होती. म्हणून मी एकदाच विचारणार आहे, नीट ऐक. मालकाचं कुलूप तू जाणूनबुजून निकामी केलंस, असं मी लिहिलं तर हे प्रकरण वरच्या गोऱ्या न्यायाधीशाकडे जाईल, आणि आगीचा आरोपही त्याच्याबरोबर जाईल. तिथे तुझं म्हणणं कोण ऐकेल ते मला सांगता येत नाही. पण तू आळशी सुतार आहेस, हाताला लागले ते स्क्रू ठोकलेस, असं लिहिलं तर प्रकरण इथेच मिटेल. काय लिहू?"

मी तयारी करून गेलो होतो. बॉयलरच्या वेळी बोललो होतो, चाकाच्या वेळी बोललो होतो. ह्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर कासियाह आली. मी म्हटलं, "आळशी लिहा."

त्यांनी लिहिलं. मी खाली सही केली. ते उठून उभे राहिले, माझ्यासारख्यासाठी, आणि त्यांनी मान लववली. पण कागदावर ते नाही. कागदावर आहे ते असं: दार सुटलं ते सुताराच्या निष्काळजी कामामुळे. ते मलायी वर्तमानपत्रात छापून आलं, माझ्या नावासकट. तुआन हाकमान दुसऱ्या गावी गेले, तिथे नवीन बायस्कोप बांधतायत म्हणे. कुलपाबद्दल त्यांना कुणी काही विचारल्याचं ऐकलं नाही.

तू मान वर करून सांग म्हणालीस. मी खाली घालून सही केली. मला वाटलं होतं तू रागावशील, म्हणून लिहीत नव्हतो.

मुलगी झाली, वीस दिवसांची आहे. तिचं नाव कासियाहने जुमिराह ठेवलं. मी म्हटलं, शेंगदाणेवाल्या म्हातारीचं नाव कशाला? ती म्हणाली, असू दे.

दोन महिने मला काम नव्हतं. बाजारातल्या ठेकेदारांनी वर्तमानपत्र वाचलं होतं. एकाने तर हसत विचारलं, अजून आखूड स्क्रू आहेत का घरी? मी हत्यारं तेल लावून गुंडाळून ठेवली. सकाळी उठून कुठे जायचं ते कळत नसे.

गेल्या शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर दारात एक माणूस आला, खांद्यावर पेटी घेऊन. झाकण बसत नाही म्हणाला. मी त्याला नावाने ओळखलं नाही, पण तिसऱ्या वर्गाच्या दारात पाहिलेला चेहरा वाटला. शनिवारी तिघं आले. एकाची खाट, एकाचा पाट, एकीचा उखळाचा दांडा. कोण आहात, कुठून आलात, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. आज सकाळपासून अंगणात जागा उरलेली नाही.

आत्ता एक बाई स्टूल ठेवून गेली. पोर कडेवर होतं तिच्या. मी ते उलटं करून बघितलं, चारही पाय हलवून बघितले, वर बसून बघितलं. त्यात काही बिघडलेलं नाही. मी तिला हाक मारून विचारलं, काय दुरुस्त करायचंय? ती कुंपणाशी थांबली आणि म्हणाली, "तुम्हाला ठाऊक. घाई नाही."

मी ते अजून समोर ठेवून बसलोय. संध्याकाळी थोडं तेलपाणी करून देईन.

तुझा,
सादीमान